पहाऱ्याचं बिल कैद्याच्या नावावर

रोज दहा मिनिटं फोन. तोही स्वतःचा नाही, पहाऱ्यावरच्या पोलिसांचा, आणि त्यांच्यासमोरच बोलायचं. इंटरनेट नाही, लॅपटॉप नाही. टीव्ही चालेल, छापील वर्तमानपत्र चालेल. दारांवर आणि खोल्यांबाहेर सीसीटीव्ही, त्याचा खर्च आत राहणाऱ्याचा. पाय मोकळे करायला बाहेर पडता येईल, पण पोलीस सोबत असतील आणि वाटेत कुणाशी बोलायचं नाही. कुटुंबातल्या दोघांनी आठवड्यातून एकदा, तीन तासांसाठी भेटायला यायचं. पोलिसांना घराची झडती घेता येईल. मुंबई सोडायची नाही. आणि या सगळ्याच्या आधी दोन लाख चाळीस हजार रुपये जमा करायचे, बंदोबस्ताच्या खर्चापोटी.

१० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. हृषिकेश रॉय यांच्या पीठाने गौतम नवलखा यांना तळोजा कारागृहातून घरात नजरकैदेत हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा घातलेल्या या अटी. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, वय सत्तर, तब्येत खालावलेली. नजरकैद एका महिन्यासाठी होती. त्याच खटल्यातले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, कच्चे कैदी असतानाच, वयाच्या ८४व्या वर्षी मुंबईच्या रुग्णालयात वारले होते. म्हातारा, आजारी माणूस कोठडीत मरू नये म्हणून न्यायालय पुढे आलं, याचं मोल मी कमी मानत नाही. तो आदेश माणुसकीचाच होता.

पण त्या अटींकडे पाहायलाच हवं, कारण घरातल्या कैदेचा कायदा म्हणून आपल्याकडे दुसरं काहीही नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत नजरकैदेचा शब्द नव्हता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही नाही. एका खटल्यातले न्यायालयीन आदेश, एवढीच आपली नियमावली. आणि त्या नियमावलीने एक फार वाईट पायंडा पाडला आहे: ज्याला कोंडायचं, त्याच्याकडूनच कोंडण्याचा खर्च घ्यायचा.

आकडे पाहा. सुरुवात २ लाख ४० हजारांची. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने बंदोबस्ताचा खर्च ६६ लाख झाल्याचं सांगितलं आणि न्यायालयाने आणखी ८ लाख भरायला लावले. मार्च २०२४ मध्ये थकबाकी १ कोटी ६४ लाखांवर गेली. नवलखांच्या वकिलांनी ही तर खंडणी आहे असं म्हटल्यावर वाद पेटला. नजरकैद तुम्हीच मागितली होती, मग खर्चातून सुटका नाही, असं न्यायालयाने एप्रिलमध्ये बजावलं. शेवटी १४ मे २०२४ रोजी जामिनाचा मार्ग मोकळा करताना २० लाख भरण्याचा आदेश झाला.

एक कोटी चौसष्ट लाखांचे वीस लाख कसे झाले? कोणत्या दराने, किती पोलिसांच्या, किती पाळ्यांच्या हिशोबाने? असा हिशोब मांडायला कुठला नियम नाही, दरपत्रक नाही, तपासणारा लेखापाल नाही. यंत्रणेने आकडा सांगितला, वकिलांनी तो नाकारला, न्यायालयाने मधला एक आकडा दिला. स्वातंत्र्याच्या प्रश्नात अशी घासाघीस व्हावी, हेच मला सहन होत नाही.

तुरुंगाचा खर्च याच्या शेजारी ठेवा. २०१९-२० साली देशभरच्या तुरुंगांचं एकूण अंदाजपत्रक ६,८१८ कोटी रुपयांचं होतं. हा आकडा खुद्द सर्वोच्च न्यायालयाने नवलखांच्याच २०२१च्या निकालात नोंदवला आहे. २०१९च्या अखेरीस कैदी होते ४ लाख ७८ हजारांच्या आसपास. भागाकार केला तर एका कैद्यामागे महिन्याला बारा हजारांच्या आत खर्च येतो. आणि नवलखा नजरकैदेत होते त्या नवी मुंबईतल्या घरात, यंत्रणेच्या हिशोबाने, महिन्याला दहा लाखांच्या आसपास. तळोजात भिंती सरकारच्या, डाळ-भात सरकारचा, शिपाई सरकारचा, आणि कैद्याला त्याचं बिल कधीही येत नाही. मग तोच माणूस, त्याच खटल्यात, त्याच राज्याच्या ताब्यात असताना केवळ पत्ता बदलला म्हणून पहारेकऱ्याचा पगार त्याच्यावर का?

“त्यांनीच मागितली होती” हे उत्तर मला पटत नाही. बाहेर पडायचं होतं म्हणून त्यांनी नजरकैद मागितली. पहारा त्यांनी मागितलेला नाही. पहारा हवा होता राज्याला. पळून जातील, साक्षीदारांना भेटतील, अशी भीती राज्याची होती. ज्याची भीती, त्याचा खर्च.

कोंडलेल्याचा खर्च पूर्वी कोण करत असे, हे पाहायला रत्नागिरीकडे वळू या. या शहराला दुसऱ्यांच्या स्थानबद्धतेचा जुना अनुभव आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. टेकडीवरचा थिबा पॅलेस आजही उभा आहे. पुढे ६ जानेवारी १९२४ रोजी वि. दा. सावरकर येरवड्यातून सुटले ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या अटींवर. त्यांच्याबद्दल कुणाचं काय मत आहे हा इथला विषय नाही. त्या स्थानबद्धतेतल्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, मुदत पाच वर्षांची ठरली होती. ती वाढत वाढत १९३७ उजाडलं. दुसरी, ब्रिटिश सरकार पुढच्या काळात त्यांना दरमहा ६० रुपये निर्वाहभत्ता देत होतं. थिबालाही सरकारकडून तनखा मिळे. राजकैद्यांसाठीचा १८१८चा जो कुप्रसिद्ध बंगाल रेग्युलेशन तीन होता, त्यातसुद्धा कैद्याच्या निर्वाहाला दिलेली रक्कम पुरेशी आहे का, हे अधिकाऱ्याने कळवावं अशी तरतूद होती. ते राज्य जुलमी होतं. खटल्याशिवाय माणसं वर्षानुवर्षं अडकवून ठेवत होतं. तरीही ज्याला अडकवलं त्याच्या पोटाची जबाबदारी आपली, एवढं तरी ते कागदावर मानत होतं. आपण प्रजासत्ताक झालो आणि बिल पाठवू लागलो.

मुदत वाढत जाण्याचा अनुभवही तोच. नवलखांचा एक महिना दीड वर्ष चालला. आणि त्यातला सर्वांत कडवट भाग शेवटच्या पाच महिन्यांचा आहे. १९ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. न्या. अजय गडकरी आणि न्या. शिवकुमार डिगे यांच्या पीठाचा तो निकाल. तपास यंत्रणेला वरच्या न्यायालयात जाता यावं म्हणून तीन आठवड्यांची स्थगिती दिली गेली. ती तीन आठवड्यांची स्थगिती सर्वोच्च न्यायालयात वाढत गेली आणि १४ मे २०२४ पर्यंत टिकली. म्हणजे जामीन मिळालेला माणूस जवळजवळ पाच महिने सीसीटीव्हीखाली घरात बसून होता, आणि त्या पाच महिन्यांतही बंदोबस्ताचा खर्च त्याच्याच खात्यावर चढत होता. स्थगिती मागितली कुणी? यंत्रणेने. मग “मागेल त्याने भरावं” हा न्याय या पाच महिन्यांना का लागू झाला नाही?

स्थगिती उठवताना सर्वोच्च न्यायालयाने जे नोंदवलं तेही वाचण्यासारखं आहे. साक्षीदार ३७५. अटकेला चार वर्षं उलटलेली. खटला संपायला आणखी वर्षानुवर्षं लागतील. वर्षांचा आकडा सोडला तर हे सगळं १० नोव्हेंबर २०२२ लाही जवळपास तसंच होतं.

आता मोजदादीचा प्रश्न: घरातल्या कैदेचे दिवस कोठडीत धरायचे की नाही? पुणे पोलिसांनी २८ ऑगस्ट २०१८ रोजी वेगवेगळ्या शहरांतून पाच जणांना अटक केली, तेव्हा रोमिला थापर आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या पाचही जणांना आपापल्या घरी नजरकैदेत ठेवायला सांगितलं. नवलखा दिल्लीतल्या घरात होते. १ ऑक्टोबरला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची ट्रान्झिट रिमांड रद्द करून सुटका केली. घरात गेले ३४ दिवस. दारात पोलीस, बाहेर पडायला बंदी. पुढे १४ एप्रिल २०२० रोजी ते तपास यंत्रणेला शरण गेले. ११ दिवस यंत्रणेच्या कोठडीत, मग न्यायालयीन कोठडी. जून २०२० मध्ये त्यांनी अर्ज केला: ९० दिवस उलटले, आरोपपत्र नाही, मला कायद्याने आपोआप मिळणारा जामीन द्या. हिशोब असा होता: ३४ आणि ११ आणि ४८, एकूण ९३. सगळी मदार त्या ३४ दिवसांवर.

खालच्या न्यायालयापासून वरपर्यंत अर्ज फेटाळला गेला. १२ मे २०२१ रोजी न्या. उदय लळित आणि न्या. जोसेफ यांच्या पीठाने एक महत्त्वाचं दार उघडलं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ खाली दंडाधिकाऱ्याला योग्य प्रकरणात तुरुंगाऐवजी घरात नजरकैद देता येईल, असं त्यांनी प्रथमच स्पष्ट केलं. वय, तब्येत, पूर्वेतिहास, गुन्ह्याचं स्वरूप, दुसऱ्या कोठडीची गरज आणि अटी पाळून घेता येतील का, हे निकष त्यांनी सांगितले. तुरुंगांतली गर्दी नोंदवली. शिक्षा झालेल्यांसाठीही घरातल्या कैदेचा विचार कायदेमंडळाने करावा, असं सुचवलं. पण नवलखांचे ३४ दिवस मात्र धरले नाहीत. ती नजरकैद कलम १६७ खाली दिलेली नव्हती, हे कारण.

कायद्याच्या चौकटीत ते कारण बसतं. मी त्याला चूक म्हणत नाही. मी म्हणतो ते वेगळं आहे: एखाद्याला ३४ दिवस दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, तर त्याचे ३४ दिवस गेले. ते कोणत्या कलमाखाली गेले हे त्याच्या आयुष्याला ठाऊक नसतं. इटलीच्या फौजदारी प्रक्रियेत खटल्याआधी घरात कैद असलेला माणूस कोठडीतच आहे असं कायद्यात सरळ लिहिलं आहे, त्यामुळे वाद उरत नाही. इंग्लंडमध्ये जामिनावर असताना इलेक्ट्रॉनिक पट्टा लावून दिवसाचे नऊ तास किंवा जास्त घरात राहायला लावलं, तर शिक्षा होते तेव्हा अशा प्रत्येक दिवसामागे अर्धा दिवस वजा होतो. अर्धा का, पूर्ण का नाही, यावर वाद घालता येईल. पण हिशोब लिहिलेला आहे आणि तो आरोपीला आधी माहीत असतो. आपल्याकडे तो निकाल लागल्यावर कळतो.

घरात राहणाऱ्या दुसऱ्या माणसाचं काय? नवलखांसोबत त्यांची सहचरी राहणार होती. तिच्यावर कुठलाही आरोप नाही. तरी तिला इंटरनेट नसलेला साधा फोन वापरायची अट आली, तिच्या फोनच्या नोंदींवर पाळत आली. स्वयंपाकघरातून बाहेर जाणारं दार बंद करायचं ठरलं, ते तिच्यासाठीही बंद झालं. आरोपीशी संसार केला हा गुन्हा नाही. आपल्या घरांत आजाऱ्याची शुश्रूषा, पथ्यपाणी, पोलिसांना दार उघडणं, हे सगळं बहुधा घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. तुरुंगात औषध द्यायची जबाबदारी सरकारी डॉक्टरची असते. घरात ती तिची होते. तिला विचारण्याची, तिची संमती घेण्याची, तिच्यावरच्या बंधनांना मर्यादा घालण्याची तरतूद कुठे आहे?

आणि मुळात घर.

नवी मुंबईत बेलापूरला जागा मिळाली तरी यंत्रणेने हरकत घेतली होती: इमारतीत खाली ग्रंथालय आहे, जागा एका राजकीय पक्षाशी संबंधित आहे. राज्याची एवढी ताकद असताना सत्तर वर्षांच्या आजारी माणसावर घरात लक्ष ठेवता येत नाही का, अशा अर्थाचा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि १८ नोव्हेंबरला हरकत फेटाळली. त्याआधी ऐपतीच्या दाखल्यावर अडलं होतं. जामीनदाराला तहसील कार्यालयातून तो मिळवायला आठवडे गेले असते. न्यायालयाने ती अट काढून टाकली. शेवटी १९ नोव्हेंबरला नवलखा तळोजातून बाहेर आले. देशातले नामांकित वकील उभे, सर्वोच्च न्यायालय स्वतः लक्ष घालतंय, तरी आदेशापासून दारापर्यंत नऊ दिवस.

हाच आदेश गोवंडीतल्या एखाद्या कच्च्या कैद्याला मिळाला असं समजा. दहा बाय बाराची खोली, आत सहा माणसं, शौचालय गल्लीच्या टोकाला सार्वजनिक. “घराबाहेर पडायचं नाही” ही अट तो सकाळी सातला मोडेल, कारण त्याला मोडावीच लागेल. पाणी भरायला नळावर गेला की अटभंग. दारावरच्या कॅमेऱ्यात समोरच्या घरातली बाई दिवसभर दिसत राहणार, तिची परवानगी कुणी घेतली? खोली भाड्याची असेल तर घरमालक पोलिसांची गाडी पाहून त्याच संध्याकाळी खोली खाली करायला सांगेल. सोसायटीत राहत असेल तर सेक्रेटरीचा पहिला प्रश्न ना हरकत पत्राचा असेल. पालावर राहणाऱ्या पारधी कुटुंबातल्या तरुणाने अर्जात पत्ता काय लिहायचा? भामरागडच्या आदिवासी आरोपीचं घर तालुक्याच्या गावापासूनच कोसभर जंगलात. तिथे “अटी पाळून घेता येतील का” या निकषाचं उत्तर पोलीस काय देतील, हे सांगायला नको.

म्हणजे २०२१च्या निकालाने जे दार उघडलं त्याला उंबरठा आहे, आणि तो उंबरठा स्वतंत्र फ्लॅट, स्वच्छतागृह, जामीनदार आणि काही लाख रुपये यांचा आहे. देशातल्या कैद्यांपैकी तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. २०२२च्या सरकारी अहवालात तुरुंगांची भरती क्षमतेच्या १३१ टक्के होती. ही गर्दी ज्यांची आहे, त्यांच्यातला जवळजवळ कुणीही हा उंबरठा ओलांडू शकत नाही.

मग स्वस्त उपाय म्हणून पायातल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्याची भाषा सुरू होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मूत दहशतवादाच्या खटल्यातल्या एका आरोपीला न्यायालयाच्या आदेशावरून जीपीएसचा पट्टा बांधला गेला. पोलिसांच्या तीन पाळ्यांपेक्षा तो स्वस्त, हे खरं. पण स्वस्त झालं की वापर वाढतो, आणि ज्याला साधा जामीन मिळायला हवा त्याच्याही पायात पट्टा येतो. ही भीती मी हवेतून काढलेली नाही. जामिनावर सुटलेल्या एका नायजेरियन आरोपीने गुगल मॅप्सवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल अशी पिन ठेवावी, अशी अट घातली गेली होतीच. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी ती रद्द केली. पोलिसांनी आरोपीच्या खाजगी आयुष्यात सतत डोकावत राहावं अशी अट जामिनाला घालता येणार नाही, असं सांगितलं. अमेरिकेत अनेक ठिकाणी पट्ट्याचं रोजचं भाडं तो घालणाऱ्याकडूनच घेतात आणि ते थकलं की त्याच्यावर पुन्हा आत जायची वेळ येऊ शकते. आपण त्याच वाटेवर पहिलं पाऊल टाकलेलं आहे, फक्त पट्ट्याच्या जागी पोलिसांचा पगार आहे.

माझ्या मते पहिलं उत्तर जामीन हेच आहे. ज्या माणसाला वय आणि आजार पाहून घरी पाठवता येतं, त्याला बहुतेक वेळा जामिनावरही पाठवता येतं. ज्या थोड्या खटल्यांत पहारा खरोखर हवा, तिथे घरातली कैद असावी. पण ती कायद्याने बांधलेली, कमाल मुदतीची, प्रत्येक दिवस कोठडीत धरणारी, आणि एक पैसाही न आकारणारी. ज्याला घर नाही त्याच्यासाठी राज्याने जागा द्यावी. कारागृहाला कुंपण घालायला पैसे आहेत, तर जिल्ह्याच्या ठिकाणी म्हाताऱ्या आणि आजारी कच्च्या कैद्यांसाठी चार खोल्या बांधायलाही असले पाहिजेत.

यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत. राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्राला आपली दुरुस्ती करता येते. तळोजा आपल्या राज्यात आहे, बेलापूर आपल्या राज्यात आहे, जामिनाचा निकाल आपल्या उच्च न्यायालयाचा आहे. ज्या प्रकरणातून हा सगळा प्रश्न उभा राहिला ते पुण्यातच सुरू झालं. नागपूरच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने अशासकीय विधेयक आणलं, तरी निदान सरकारला सभागृहात उभं राहून सांगावं लागेल की बंदोबस्ताचा खर्च कैद्याकडून घ्यायला कोणत्या कायद्याचा आधार आहे. तोवर पुढच्या आजारी कच्च्या कैद्याला, घरी जायचं असेल तर किती लाख जमवायचे, हे त्याचा वकीलही सांगू शकणार नाही.